खांब स्पष्ट आला होता

कल्लाप्पाण्णा कुणाच्याही घरी भरलेला कप घेत नसत. चहा येताना दिसला की आधीच हात आडवा करून सांगायचे, "अर्धाच द्या ओ." कुणी फार आग्रह केला तर पित्त आहे म्हणून चहाच नाकारायचे. अर्धा कप समोर आला तरी तो लगेच उचलायचे नाहीत. समोरचा माणूस बोलण्यात गुंतला किंवा कशाला तरी आत गेला, की तेवढ्यात दोन्ही हातांनी कप उचलून एका दमात संपवत. मी रामनगरात राहायला आले तेव्हा मला वाटलं, हा माणूस माणूसघाणा दिसतो. त्यांचा उजवा हात हलतो हे कळायला मला दोन वर्षं लागली.

त्यांचा फोटो स्टुडिओ बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून होता. पुढे स्टुडिओ, मागे त्यांच्या दोन खोल्या, आणि वरची खोली माझी. मी खानापूरकडची. इथल्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवायला आले आणि ही खोली मिळाली म्हणून राहिले ती राहिलेच. खालून दिवसभर ट्रक जायचे. खिडकीच्या काचा वाजायच्या, मांडणीतली भांडी वाजायची. अशा इमारतीत एखाद्या माणसाचा हात हलतोय हे कुणाच्या लक्षात येणार?

आठवड्यातून एकदा ते पाकिटांचा गठ्ठा घेऊन जिना चढून येत. फोटोच्या पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं आणि गावं लिहायची असत. "बाई, तुमचं अक्षर छापल्यागत हाय. तेवढी नावं घाला की," म्हणायचे. मला बरं वाटायचं. मग एकदा मी आठवडाभर गावी गेले होते. परत आले तेव्हा स्टुडिओच्या टेबलावर एक पाकीट पडलेलं होतं. घाईचं काम असणार, त्यांनी स्वतःच नाव घातलं होतं. अक्षरं मुंग्यांनी ओढत नेल्यासारखी वेडीवाकडी पाकीटभर पसरली होती. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. त्यांनी पाकीट पालथं घातलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गठ्ठा घेऊन वर आले, पण माझ्या अक्षराचं कौतुक त्या दिवसापासून बंद झालं. आम्ही दोघंही त्याबद्दल कधी बोललो नाही.

मग मला बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. लग्नात ते कायम कशाला तरी टेकून उभे असत. मांडवाची मेढ, भिंत, लोखंडी कपाट, काहीच नसलं तर नवरदेवाच्या गाडीचं बॉनेट. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट आवळलेला. वधूपित्यानं टॉवेल-नारळ द्यायला बोलावलं की फिल्टर बदलायचं निमित्त करून बाहेर जात. लोक म्हणत, फोटोअण्णाला गर्व फार. कल्लाप्पाण्णा ते ऐकून घेत. मला वाटतं, गर्व म्हटलेलं त्यांना सोयीचंच पडत होतं.

तोंडानं मात्र फटकळ. मुलीचा फोटो कॉम्प्युटरवर जरा गोरा करून द्या म्हणणाऱ्या एका बाईंना त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, की रंग पाहिजे तर पेंटर बघा, माझ्याकडे आहे तेच मिळतं. त्या बाई फोटो न घेता गेल्या. मी म्हटलं, अण्णा, थोडं केलं असतं तर काय बिघडलं असतं? ते म्हणाले, "फोटू म्हंजे पंच हाय बाई. पंचानं कुणाचे लाड करायचे न्हाईत."

हे नुसतं बोलणं नव्हतं. त्यांचा खरा जीव लग्नात नव्हताच, खेळांत होता. कबड्डी, खो-खो, शाळांच्या शर्यती, कुठंही सामने असले की ते कॅमेरा घेऊन हजर. त्याचे पैसे कुणी देत नसे. फार तर शाळा एक फोटो फ्रेम करून ऑफिसात लावायची. आणि या वेडापायी त्यांनी एकदा गावाचा राग ओढवून घेतला होता.

कॅसलरॉकला कबड्डीचे सामने होते. शेवटच्या लढतीत आमच्या रामनगरचा संघ होता आणि समोर तिथलाच एक संघ. शेवटच्या चढाईत आमचा गडी पकडीत सापडला, पण पडता पडता त्याची बोटं मधल्या रेषेला लागली असं आमची पोरं म्हणायला लागली. तिकडची पोरं म्हणाली, लागली नाहीत. पंच गोंधळला. हमरीतुमरी सुरू झाली. कल्लाप्पाण्णा त्या रेषेच्या टोकाला मातीत पालथे पडले होते. दोन्ही कोपरं जमिनीला टेकवून फोटो काढायची त्यांची पद्धत होती. ते उठले, अंगावरची माती न झटकता पंचाकडे गेले आणि कॅमेऱ्याच्या मागचा छोटा पडदा त्याच्यासमोर धरला. दोन्ही कप्तानांनी डोकी आत घातली. आमच्या गड्याची बोटं रेषेच्या अलीकडे होती. दोन बोटांची माती मध्ये स्वच्छ दिसत होती.

भांडण तिथंच संपलं. आमचा संघ हरला. परतताना पोरांनी त्यांना टेम्पोत घेतलं नाही. ते रेल्वेनं लोंढ्याला आले आणि तिथून बसनं घरी. मला हे सांगताना ते खुशीत होते. गावानं टेम्पोत घेतलं नाही याचा त्यांना अभिमानच वाटत होता. पण तेव्हापासून आमच्या भागातल्या मैदानांवर एक रीत पडली. पंचांचं जुळलं नाही की कुणीतरी म्हणायचंच, फोटोअण्णाला विचारा.

त्यानंतर दोनेक वर्षांत हाताची थरथर वाढत गेली. भिंतीला टेकून भागेना. बेळगावच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यानं झोप यायची आणि हात हलायचा तो हलायचाच. लग्नाचे फोटो धुरकट यायला लागले. ते शंभर काढायचे आणि त्यातले साठ पुसून टाकायचे. मला वाटायला लागलं, आता हे दुकान फार दिवस चालत नाही.

एके दिवशी ते बसनं बेळगावहून आले. जाताना स्कूटरवर गेले होते. स्कूटर देऊन त्यांनी एका धंदा बंद करणाऱ्या फोटोग्राफरची जुनी लेन्स आणली होती. पांढरट, हातभर लांब आणि चांगलीच जड. मला हाक मारून खाली बोलावलं. लेन्स कॅमेऱ्याला लावली, कॅमेरा माझ्या हातात दिला आणि रस्त्यापलीकडच्या बसवरची पाटी बघायला सांगितली. मला एवढ्या जड कॅमेऱ्याची सवय नव्हती. पाटीवरची अक्षरं नाचत होती. मग त्यांनी लेन्सच्या बाजूचं एक बटण वर सरकवलं आणि फोटोचं बटण अर्धं दाबायला सांगितलं. आत बारीक घुर्र असा आवाज झाला आणि अक्षरं थांबली. हंड्यातलं हिंदकळणारं पाणी हळूहळू निवळावं तशी ती पाटी माझ्या डोळ्यासमोर निवळली.

लेन्सच्या आत एक तरंगती काच असते, त्यांनी मला समजावलं. हात डावीकडे गेला की काच उजवीकडे सरकते, हात वर गेला की काच खाली. हाताची थरथर काचेनं खाऊन टाकायची. याला स्टॅबिलायझर म्हणतात.

"बाई, ह्यो माझा हात धरतोय," ते म्हणाले, "आणि कुणाला सांगत न्हाई."

मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी लग्नात ते मांडवाच्या मधोमध उभे राहून फोटो काढायला लागले. पूर्वी त्यांना शटर वेगानं मारावा लागे, कारण शटर जितका जास्त वेळ उघडा राहील तितकी हाताची थरथर फोटोत उतरते. आता अंधाऱ्या देवळातसुद्धा शटर संथ ठेवून ते निवांत फोटो काढत. दिवे लावावे लागत नव्हते, फोटोत दाणे येत नव्हते. कमी उजेडात कॅमेऱ्याची ताकद वाढवली की फोटोत बारीक दाणे उमटतात. त्याला ते "रवा पडला" म्हणत आणि त्यांना तो अजिबात खपत नसे. रवा गेला, थरथर गेली. लेन्सवर त्यांचा भरवसा बसला तो पुरा बसला. चहा तेवढा अर्धाच राहिला.

माझ्या दहावीच्या वर्गात तेव्हा दीपा वेळीप नावाची मुलगी होती. बाजारकुणंगकडची. इथल्या मुलींच्या हॉस्टेलवर राहून शिकायची. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि कन्नड. तीनही भाषांत बेताचंच बोलायची. निबंध लिहायला सांगितला तर चार ओळींत संपवायची. पण धावायची. धावताना डावा हात पोटाशी घट्ट धरायची, दुखतंय अशासारखा. खेळाच्या सरांनी तो हात सोडवायचा खूप प्रयत्न केला आणि शेवटी नाद सोडला, कारण हात धरूनसुद्धा ती सगळ्यांच्या पुढेच असायची.

त्या वर्षीच्या शाळांच्या स्पर्धा तिच्यासाठी साध्या नव्हत्या. पंधराशे मीटरमध्ये आमच्या भागातून जिल्ह्याला एकीलाच पाठवणार होते. जिल्ह्यात चांगलं धावलेल्या मुलींना क्रीडा वसतिगृहात जागा मिळायची. राहणं, जेवण, पुढचं कॉलेज, सगळं तिथंच. दहावीनंतर इथलं हॉस्टेल सुटणार होतं आणि तिच्या वडिलांनी सरांना सांगून टाकलं होतं, की सोय झाली तर शिकू दे, नाही झाली तर घरी येऊ दे, शेतात माणूस लागतंच. त्यांचंही काही चुकीचं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. त्यांची भाषणं झाली, हार झाले आणि सगळ्या शर्यती मागे पडत गेल्या. पंधराशे मीटर शेवटी ठेवली होती. ती सुटली तेव्हा आभाळ भरून आलेलं आणि मैदानाच्या पश्चिमेला उंच झाडं. उजेड झपाट्यानं उतरत होता. मी निकालाच्या टेबलावर होते. कल्लाप्पाण्णा शेवटच्या रेषेजवळ, तिच्या टोकाला रोवलेल्या खांबाच्या बरोबर समोर, त्यांची पांढरी लेन्स घेऊन. कशालाही न टेकता.

शेवटच्या फेरीला दोघीच पुढे होत्या. निळ्या जर्सीतली दीपा आणि दुसऱ्या शाळेची पिवळ्या जर्सीतली एक उंच मुलगी. दोघी रेषेवर जवळजवळ एकदमच आल्या. जवळजवळ म्हणते, कारण मी पाहिलं नाही. मी त्या वेळी मान खाली घालून वहीत या शर्यतीच्या निकालासाठी रेघ मारत होते. हे मला आजही कुणाला सांगावंसं वाटत नाही.

रेषेवरच्या एका पंचानं निळी पहिली म्हटलं, दुसऱ्यानं पिवळी. दोघंही भले मास्तर होते, कुणी कुणाचा मिंधा नव्हता. मुख्य पंच म्हणून आलेले एक हेडमास्तर म्हणाले, भांडायचं कारण नाही, फोटोअण्णांना विचारा. त्यांनी कॅसलरॉकला स्वतःच्या गावाला हरवलेलं आहे.

सगळे त्यांच्याभोवती जमले. दोन्ही शाळांची मुलं, दोन्ही खेळाचे सर, पाहुणेसुद्धा. कल्लाप्पाण्णांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो आणला. मोठा करून पाहिला. पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला. त्यांना एवढा वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी कॅमेरा बंद केला, गळ्यात सोडला आणि उजवा हात सगळ्यांसमोर पुढे धरला. इतकी वर्षं जो हात त्यांनी कपाआड आणि भिंतीआड लपवला होता, तो मोकळ्या मैदानात, शंभर माणसांदेखत. हात सुपातल्या दाण्यासारखा हलत होता.

"हात हलला," ते म्हणाले. "फोटू न्हाई आला."

 हेडमास्तरांनी कळवळून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग घड्याळ लावणाऱ्या तिसऱ्या मास्तरांना विचारलं. त्यांना पिवळी पुढे दिसली होती. मी वहीत तसं लिहिलं. दीपा वेळीप, दुसरी. ती पाच पावलांवर उभी होती. डावा हात अजून पोटाशी होता. तिनं काहीही विचारलं नाही.

पुढे असं झालं, की ती उंच मुलगी जिल्ह्याला गेलीच नाही. तिच्या घरी बहिणीचं लग्न निघालं होतं. तोवर दुसरं नाव पाठवायची मुदत गेली होती. आमच्या भागाची जागा रिकामी राहिली.

स्पर्धेनंतर तिसऱ्या दिवशी कल्लाप्पाण्णांनी मला स्टुडिओत बोलावलं. दार ओढून घेतलं. कॉम्प्युटरवर तो फोटो लावलेला होता. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले.

"खांब बघा," ते म्हणाले. "हललाय?"

खांब हललेला नव्हता. खांबाच्या लाकडावरची चीरसुद्धा स्पष्ट दिसत होती.

"गवत बघा."

गवताचं पातं न् पातं वेगळं दिसत होतं. चुन्याच्या रेषेतले खडे मोजता आले असते. फक्त त्या रेषेवर दोन धुरकट पट्टे होते, एक निळा आणि एक पिवळा, एकमेकांत मिसळलेले. छातीवरचे आकडे पुसल्यासारखे. दोघींमध्ये अंतर असेल चार बोटांचं आणि धुरकटपणा अर्ध्या वितीचा. पुढे कोण, मागे कोण, काही म्हणजे काही कळत नव्हतं.

मला उलगडायला थोडा वेळ लागला. हात हलला असता तर खांबही हलला असता. गवतही.

ते सांगत गेले आणि मी ऐकत गेले. लेन्सनं तिचं काम चोख केलं होतं. तिनं त्यांचा हात धरला होता. पण पळणाऱ्या पोरीला लेन्स कशी धरणार? तिला धरायला वेगवान शटर लागतो, हजाराचा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाचा, निदान पाचशेचा. दुपारच्या शर्यतींना त्यांनी तो ठेवलाही होता. उजेड उतरला तसा फोटोत रवा पडू नये म्हणून ते शटर खाली आणत गेले. अडीचशे, सव्वाशे, शेवटी साठ. देवळात साठवर फोटो छान यायचे, कारण देवळात नवरा-नवरी उभी असतात. हे चाळीस वर्षं फोटो काढलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं असं नाही. बटण वर आहे, लेन्स बघून घेईल, असं वाटलं. एवढंच.

मी विचारलं, मग हात हलला असं का सांगितलंत?

त्यांनी फोटो बंद केला. मग म्हणाले, "चूक सांगण्यापरास दुखणं सांगणं सोपं पडलं, बाई."

मी त्यांना म्हणायला हवं होतं, की उद्या हेडमास्तरांकडे जाऊ. पण गेलो असतो तरी या फोटोतून काय सिद्ध होणार होतं? निकाल वर गेला होता आणि माझ्याच अक्षरात गेला होता. मी म्हटलं, आता काय उपयोग. तेही म्हणाले, व्हय, आता काय उपयोग. आणि मी जिना चढून वर आले.

त्यांना त्याची किंमत आठवड्याभरातच कळली. लपवलेली गोष्ट त्यांनी स्वतःच मैदानात सांगितली होती. लग्नाची कामं एकेक करून सुटायला लागली. कुणी तोंडावर काही बोललं नाही, मुलाच्या मित्राकडे चांगला कॅमेरा आहे, असंच सगळे सांगत. पाठीमागे म्हणत, हात हलतोय म्हणे. महिन्याभरात त्यात भर पडली, की पितोय म्हणे. ज्या माणसानं आयुष्यात दारूला शिवलं नव्हतं, त्याच्या अर्ध्या कपाचा आता असा अर्थ लागायला लागला. ती लेन्स त्यांनी कपाटात ठेवली. पुढे तिला बुरशी धरली. आमच्याकडच्या पावसात काचेला बुरशी धरते, अधूनमधून उन्हं दाखवावी लागतात. ते त्यांना माहीत होतं.

मग तीन-चार वर्षं नुसते पासपोर्ट फोटो. स्टूल, पांढरा पडदा, तिकाटण्यावर घट्ट बसवलेला कॅमेरा. त्यांची बायको बहुतेक वेळ बेळगावला मुलीकडे असे. ते एकटेच दुकान उघडायचे, एकटेच बंद करायचे. पाकिटं कमी झाली तरी नावं घालायला मीच जात असे.

अशीच एका शनिवारी शाळा सुटल्यावर गेले होते, तेव्हा दीपा आली. मी तिला चटकन ओळखलं नाही. केस कापलेले, अंगावर पंजाबी ड्रेस, खांद्याला बॅग. मडगावच्या एका दवाखान्यात साफसफाईचं काम मिळालं होतं, ओळखपत्राला फोटो हवे होते. माझ्या पाया पडली. कल्लाप्पाण्णांनी तिला स्टुलावर बसवलं. तिची हनुवटी सरळ करायला पुढे झाले आणि हात मध्येच थांबवून म्हणाले, जरा वर बघ. फोटो काढला. छापून निघेपर्यंत ती बाकावर बसली. मी पाकिटावर तिचं नाव घातलं.

कल्लाप्पाण्णा कात्रीनं फोटो कापत होते. त्यांना ते जमत नव्हतं. ती उठून त्यांच्याजवळ गेली, कात्री घेतली आणि कापता कापताच, मान वर न करता विचारलं,

"अण्णा, त्या दिवशी मी पुढं होते न्हवं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "व्हय. तू पुढं होतीस."

"फोटूत दिसलं?"

"फोटूत न्हाई. डोळ्यानं. मी दोनी डोळं उघडं ठिवून फोटू काढतोय. डाव्या डोळ्यानं बघितलं मी."

तिनं सगळे फोटो कापून संपवले. एकसारखे, चौकोनी, सुबक. ते पाकिटात घातले. मग शांतपणे म्हणाली, "मला तर ठाऊकच होतं. ती माझ्या बाजूला दिसत न्हवती, मागं होती." आणि थोडं थांबून, "तुम्ही तेवढं तोंडानं म्हणायचं होतं, अण्णा."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. कल्लाप्पाण्णा काहीतरी सांगू लागले, की मला फोटो आहे का एवढंच विचारलं होतं, मी म्हटलं असतं तरी कोण ऐकणार होतं, पंच म्हणजे शेवटी फोटो. पण वाक्य पुरं झालं नाही. तिची गोव्याची बस लागली होती. पैसे टेबलावर ठेवून ती गेली. तिच्या मागोमाग मी दारापर्यंत गेले. मला तिला काही सांगायचं होतं, माझ्या वहीबद्दल, त्या रेघेबद्दल. बस निघाली आणि मी हात हलवला.

त्या दिवसानंतर ते माझ्याकडे पाकिटं घेऊन आले नाहीत. दुकान उघडं असलं तरी आत दिवा नसायचा. एकदा मी त्यांना म्हटलं, की अण्णा, तुमचं एकट्याचं नव्हतं ते, आम्ही तिथं एवढी माणसं होतो. ते म्हणाले, "तुमी बगत न्हवता बाई. मी बगत होतो." त्यांनी मला सुटका द्यावी म्हणून ते म्हटलं असेल. मला ते लागलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा शाळांच्या स्पर्धा आल्या. मैदान तेच. मी पुन्हा निकालाच्या टेबलावर. आता रेषेवर दोन शिक्षक मोबाइल घेऊन उभे असतात, तंटा झाला तर चित्रफीत थांबवून बघतात. सकाळच्या दुसऱ्या शर्यतीला मला कल्लाप्पाण्णा दिसले. धुतलेला पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. गळ्यात कॅमेरा नव्हता. दोन्ही हात मोकळे सोडलेले, उजवा उघड्यावर हलत होता आणि त्यांनी तो लपवला नव्हता. ते खांबाजवळ येऊन उभे राहिले.

मुलं रेषेवर आली, आणि कल्लाप्पाण्णा मोठ्यानं ओरडले, "एकशे बारा पयला! चौऱ्यांशी दुसरा!"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. निकालात वादही नव्हता, एकशे बारा चांगला दहा पावलं पुढे होता. पुढच्या शर्यतीला पुन्हा तेच. मुलींच्या शंभर मीटरला तेच. ते खणखणीत आवाजात आकडे सांगत होते, एकही चुकला नाही, मी वहीत ताडून बघत होते. मुलांना गंमत वाटली. चौथ्या शर्यतीला पोरांचा घोळका त्यांच्यामागे जमला आणि त्यांच्याबरोबर आकडे ओरडायला लागला. कुणीतरी म्हणालं, सकाळी सकाळी घेऊन आलाय. लोक हसले. कल्लाप्पाण्णा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांचं लक्ष रेषेवर होतं.

मुख्य पंच टेबलाशी आले. या वेळी दुसरेच कुणी होते, त्यांना जुनं काही माहीत नव्हतं. म्हणाले, बाई, ते तुमच्या शेजारचे आहेत असं कळलं, मुलं बिथरतात, त्यांना जरा बाजूला घ्या.

मी नाही म्हणायला हवं होतं. मी वहीवर पेन ठेवलं, उठले आणि मैदान ओलांडून गेले. म्हटलं, अण्णा, चला, सावलीत बसू, चहा घेऊ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "माझं चुकलं काय?"

मी म्हटलं, नाही अण्णा. आणि त्यांचा उजवा हात धरून त्यांना मैदानाबाहेर घेऊन गेले. माझ्या मुठीत तो हात हलतच होता. आमच्या मागे शिट्टी झाली आणि पुढची शर्यत सुटली. ते चालता चालता मान वळवून बघत राहिले. मी समोर बघत चालत होते.

दिवाळीत मुलगी येऊन त्यांना बेळगावला घेऊन गेली. मी तेव्हा गावी होते.